गुलाबराव श्वास घेत नाहीत

कोहका, भिलाई
१७ ऑक्टोबर २०२३

चि. समीक्षा हिला गुलाबमामाचा आशीर्वाद. मामीचा त्याच्या दुप्पट, असं तिने स्वयंपाकघरातून ओरडून लिहायला लावलं आहे.

पाकीट पाहून घाबरू नकोस. हल्ली पोस्टमन दारात आला की लोकांना कोर्टाची नोटीस आली असंच वाटतं. पत्र लिहितो याचं कारण एवढंच की फोनवर मला बोलता येत नाही. चार शब्दांत माझा दम संपतो, पाचवा शब्द तुझी मामी बोलते आणि पुढचा अर्धा तास तीच बोलत राहते. लिहिताना दम लागत नाही, हा शोध मला साठी उलटल्यावर लागला. तूही कागदावरच उत्तर दे. मोबाईलमधली बारीक अक्षरं मला दिसत नाहीत, आणि मामीला वाचून दाखव म्हटलं तर ती पदरचं घालते.

आता मुद्द्याचं. माझ्या डाव्या फुप्फुसात वरच्या बाजूला हवेचा मोठा फुगा झाला आहे. दुर्गच्या डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरून दाखवला. फुग्याचा उपयोग शून्य, पण फुकट्या पाहुण्यासारखा तो अर्धी खोली अडवून बसला आहे आणि खालचं चांगलं फुप्फुस त्याच्या वजनाखाली चेपलं आहे. हे बिडीचं काम, असं डॉक्टर म्हणाले. मी बिडी सोडून बरीच वर्षं झाली, पण बिडीने मला सोडलेलं दिसत नाही.

फुगा कापून काढला तर खालचं दबलेलं फुप्फुस फुलेल आणि मी पुन्हा चालता-बोलता होईन. पण त्यासाठी बाकीचं फुप्फुस धड असायला हवं. ते धड नसेल तर ऑपरेशन करायचं नाही, कारण मग मी टेबलावरून उठणारच नाही. अशा वेळी जन्मभर नाकात नळी आणि कोपऱ्यात ऑक्सिजनचं मशीन, बस्स. हे ठरवायला मला नागपूरला पाठवत आहेत. तिथे म्हणे किरण सोडणारा गॅस श्वासातून देतात आणि कॅमेऱ्याने पाहतात.

तू पुण्याच्या दवाखान्यात हेच काम करतेस ना? मला खरं काय ते सांग. मी सगळी नोकरी कारखान्याच्या गॅस लाईनवर काढली. गॅस माणसापासून दूर ठेवायचा म्हणून मला पगार मिळायचा. आता तोच गॅस छातीत घ्यायला मीच पायाने चालत जायचं, हे काही मनाला पटत नाही.

तुझा मामा,
गुलाबराव


पुणे
२४ ऑक्टोबर २०२३

मामाजी, मामीजी, तुम्हा दोघांना दसऱ्याचा नमस्कार. सोनं पाकिटात घातलं आहे, चुरा झाला असेल तरी सोनंच समजा.

मामाजी, शाळेत असताना मी तुमच्या घरी राहिले ती वर्षं तुम्ही रोज संध्याकाळी माझी उजळणी घ्यायचात. आता तुमची उजळणी घ्यायची पाळी माझी आहे, तेव्हा नीट बसून ऐका.

या गॅसचं नाव झेनॉन. तुमच्या लाईनवरच्या गॅससारखा तो विषारी नाही. शरीरात तो कशातही मिसळून बसत नाही, श्वासाबरोबर आत जातो आणि श्वासाबरोबर बाहेर येतो. फक्त तो किरण सोडतो, म्हणून आपला कॅमेरा त्याला बाहेरून पाहू शकतो. एक्स-रेत फुप्फुस कसं दिसतं ते कळतं. त्याचा कुठला भाग काम करतो आणि कुठला नुसता बसून खातो, ते या तपासणीत कळतं. फुप्फुसाच्या ज्या भागात हवा जाते तिथे गॅस पोचतो आणि तो भाग पडद्यावर उजळतो. जिथे हवाच जात नाही तिथे अंधार.

तुम्हाला कॅमेऱ्याकडे पाठ करून बसवतील आणि तोंडावर मास्क लावतील. आधी एक मोठा श्वास घेऊन धरायचा. मग काही मिनिटं त्याच गॅसमध्ये शांतपणे श्वास घेत राहायचा, म्हणजे तो कानाकोपऱ्यात पोचतो. शेवटी साधी हवा. तेव्हा गॅस कुठून चटकन निघतो आणि कुठे अडकून राहतो, ते डॉक्टर पाहतात. किरणांची मात्रा थोडी असते. मी रोज अशा खोलीशेजारी बसते आणि माझी तब्येत तुम्ही पाहिलीच आहे, मामीजी मला जाडी म्हणतात.

तुम्ही एकच करायचं. मनापासून श्वास घ्यायचा. तपासणीचं सगळं पेशंटच्या श्वासावर असतं.

मी उद्या ट्रेनिंगसाठी चंदीगडला जाते आहे, दिवाळीच्या तोंडावर परत येईन. तोवर तुमचं पत्र आलं तर इथे खोलीवर माझी वाट पाहत पडून राहील.

तुमची लाडकी आणि आगाऊ भाची,
समीक्षा


कोहका
२९ ऑक्टोबर २०२३

चि. समीक्षा,

तुझं पत्र अजून आलेलं नाही. सणाच्या दिवसांत पोस्टाचं काही खरं नसतं. इकडे नागपूरहून फोन आला की मधेच एक जागा रिकामी झाली आहे, लगेच या. म्हणून तुझी वाट न पाहता मी आणि मामी दुर्गहून गाडीत बसलो. तपासणी झाली, आणि तुझ्या मामाने तुझं नाव राखलं असं समज.

खोलीला खिडकी नव्हती. दारावर तीन पात्यांचं पिवळं चिन्ह. ते पाहिलं आणि माझ्या अंगात जुना गुलाबराव ताठ उभा राहिला. धोक्याची पाटी पाहिल्यावर आपण कसं वागायचं ते मला कोणी शिकवायला नको. आत एक टेक्निशियन मुलगी होती, स्वभावाने गोड. मला बसवलं, तोंडावर मास्क चढवला आणि म्हणाली, "काका, आता गॅस सोडते. मोठा श्वास घ्या आणि धरून ठेवा."

मी धरून ठेवला. घेतला मात्र नाही!

पोट आत ओढून छाती अशी वर काढली की तिला वाटावं काकांनी खोलीतली सगळी हवा ओढली. आमच्या लाईनवर नव्या पोरांना मी पहिल्या दिवशी हेच घोटवून घ्यायचो. गॅस हा शब्द कानावर पडला की तोंड बंद, श्वास बंद, बाकीचे प्रश्न नंतर. मग ती म्हणाली, त्याच नळीतून थोडा वेळ श्वास घेत राहा. मी चिमणीने पाणी प्यावं तसे गळ्यापुरते घोट घेतले. ती काचेपलीकडून सांगत होती, "अजून खोल, काका, अजून खोल." मी मान हलवत होतो. थोड्या वेळाने डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले तेव्हा तिनेच थांबवलं आणि म्हणाली, "राहू द्या काका, जमेल तेवढं जमलं."

मला वाटतं पेपर झकास गेला. गॅस जवळजवळ आत शिरलाच नाही. जिथून गॅस निसटत नाही ती लाईन पक्की, हे आमच्याकडे झाडूवालाही सांगेल. आता आठवड्याभरात रिपोर्ट येईल. मामीने आतापासूनच देवापुढे नारळ ठेवला आहे. ऑपरेशन झालं की तुझ्या आईकडे, रुक्माकडे, आम्ही दोघं तिरोड्याला जाऊन चांगला महिनाभर राहणार आहोत. तिला आत्ताच सांगू नकोस, ती घर रंगवायला काढेल.

तुझा पास झालेला मामा


कोहका
५ नोव्हेंबर २०२३

चि. समीक्षाला मामीचा आशीर्वाद.

मला पत्र लिहायची सवय नाही. चुकलं तर समजून घे. हे पत्र मी शेजारच्या चंदाच्या हाती पोस्टात टाकायला देते आहे. यांना माहीत नाही. यांनी मला बजावलं आहे, "समीक्षाले फोन करशीन तर पाह्य. पोरीची दिवाळी खराब नाई कराची." म्हणून तू फोन केलास तेव्हा मी सगळं ठीक आहे म्हणाले. ठीक नाही.

रिपोर्ट आला. दोन्ही फुप्फुसांत गॅस नीट गेला नाही असं त्यात आहे. डॉक्टर म्हणाले, डावं खराब होतंच पण उजव्यातही दम दिसत नाही, असल्या फुप्फुसावर ऑपरेशन करणं म्हणजे जीव घेणं. घरी मशीन लावा आणि जपा. डॉक्टर चांगले बोलले, पण बोलले ते हेच.

मशीन आलं आहे. दिवसभर घरघर करतं. हे ओसरीवर खुर्चीत बसून असतात. माझ्यावर ओरडतसुद्धा नाहीत. काल मी दिवाळीसाठी यांच्या नव्या चपला आणल्या तर म्हणाले, "वापस करून ये. मले आता कुठं जाचं हाये?" मी चपला परत केल्या नाहीत, तांदळाच्या डब्यामागे ठेवल्या.

तू शिकलेली आहेस. काही करता येत असेल तर कर. नसेल तर तसं खरं सांग, म्हणजे मी मनाची तयारी करते.

तुझी मामी,
मैनाबाई


पुणे
१० नोव्हेंबर २०२३

मामाजी,

चंदीगडहून आले तर टेबलावर दोन पाकिटं. आधी तुमचं फोडलं आणि हसून लोळले. मग दुसरं फोडलं. ते कोणाचं ते विचारू नका, आणि विचारलंत तरी मामीजींवर रागावायचं नाही. ते वाचून रडू आलं. मग डोळे पुसून तुमचं पुन्हा वाचलं आणि ताडकन उठले. लगेच फोन केला, तर तुम्ही दोन वाक्यं ऐकून फोन मामीजींच्या हातात दिलात. म्हणून आता लिहिते. कागदावर तुम्हाला मला तोडता येणार नाही.

मामाजी, तुम्ही पास झाला नाहीत. नापासही झाला नाहीत. तुम्ही पेपर कोरा दिलात.

या तपासणीत गॅस आत जायलाच हवा होता. जितका खोल जाईल तितकं चांगलं. तुमच्या लाईनमधून गॅस निसटला तर लाईन वाईट, इथे गॅस शिरला नाही तर फुप्फुस वाईट. तुम्ही गळ्यापुरते घोट घेतलेत, म्हणून गॅस गळ्यापुरता गेला. पडद्यावर अंधार दिसला. हवा फुप्फुसाने घेतली नाही की फुप्फुसाच्या मालकाने दारच लावून घेतलं होतं, ते कॅमेऱ्याला कसं कळणार? दम लागलेला माणूस उथळच श्वास घेतो, तेव्हा त्या मुलीलाही शंका आली नाही. डॉक्टरांनी समोर दिसलं त्यावरून ठरवलं. मी त्यांच्या जागी असते तर मीही तेच म्हटलं असतं.

तुमचं उजवं फुप्फुस चांगलं आहे असं मी म्हणत नाही. वाईट आहे असंही नाही. ते अजून कोणी पाहिलेलंच नाही, एवढंच मला ठाऊक आहे. मी नागपूरच्या डॉक्टरांशी फोनवर बोलले, सगळं सांगितलं. ते आधी हसले, मग गंभीर झाले आणि म्हणाले, घेऊन या, पुन्हा करू.

चूक माझीही धरा. माझं पत्र वेळेत पोचलं असतं तर हे झालं नसतं. पण आता हट्ट नको. पुन्हा जा आणि या वेळी पोटभर श्वास घ्या. एवढी साधी गोष्ट आहे.

समीक्षा


कोहका
१७ नोव्हेंबर २०२३

समीक्षा,

तुझं खरं आहे, हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे त्यावर वाद नको. मी मूर्खपणा केला. मामीने हे सगळ्या गल्लीत सांगितलं आहे, त्यामुळे तू वेगळं सांगायची गरज उरलेली नाही.

पण मी पुन्हा जाणार नाही. जाऊन उपयोग नाही. साधी गोष्ट आहे असं तू लिहितेस. बाई, तू शिकलीस खूप, पण हे तुला कोणी शिकवलं नाही, म्हणून सांगतो. घरात मी हे कधी बोललो नाही.

इथल्या कारखान्यात लागायच्या आधी मी पोरवयात दूरच्या एका खाजगी फाउंड्रीत होतो. ती बंद पडूनही आता जमाना झाला. माझ्याबरोबर आमच्याच गावाकडचा नत्थू होता. एका खोलीत राहायचो, एकाच ताटात खायचो. एकदा एका खड्ड्यात व्हॉल्व फिरवायला तो उतरला. खाली गॅस भरला होता. त्या गॅसला वास नसतो. मी वरून पाहिलं तर तो गुडघ्यावर बसलेला. मी श्वास कोंडला आणि उतरलो. त्याला बगलेत धरलं. तो अजून शुद्धीवर होता, माझ्याकडे पाहिलं आणि मला हाक मारायला त्याने तोंड उघडून श्वास ओढला. पुरती हाकही निघाली नाही. मी त्याला वर आणला, पण तो आला नाही. मी जगलो कारण मी श्वास घेतला नाही. माझ्याजवळ दुसरं काही कारण नाही.

पुढे भिलाईत गॅस लाईनवर आलो तेव्हा तिथला नियम पाहून मला बरं वाटलं. तिथे एकटा माणूस आत जात नाही. जोडीदार बाहेर चांगल्या हवेत उभा राहतो, त्याच्या हातात गॅस मोजायचं यंत्र असतं. तो यंत्र पाहून दोन्ही हात वर करतो, तेव्हाच आतल्या माणसाने मास्क काढून श्वास घ्यायचा. जोडीदाराचे हात वर झाले नाहीत तर साहेब आला तरी श्वास घ्यायचा नाही. मी हा नियम एकदाही मोडला नाही आणि माझ्या टोळीतला एकही माणूस दगावला नाही.

परवा घरी करून पाहिलं. मामीने स्टीलचा गंज, म्हणजे पातेलं, माझ्या तोंडाला लावला आणि म्हणाली, "घ्या, गॅस आला." रिकामा गंज, समोर माझी स्वतःची बायको. तरी माझा गळा मिटला. मी हट्ट करून राहिलो असं तिला वाटलं. हट्ट नाही, पोरी. मला भीती वाटते. या वयात हे लिहायची लाज वाटते, पण वाटते.

तेव्हा आता सोड. मशीनची घरघर सवयीची होईल.

मामा


पुणे
२४ नोव्हेंबर २०२३

प्रिय मामाजी,

माझं आधीचं पत्र फाडून टाका. साधी गोष्ट आहे असं मी लिहिलं, ती माझी मोठी चूक झाली. तुमचं पत्र मी दोन दिवस पर्समध्ये घेऊन हिंडले. नत्थूकाकांचं नाव मी घरात कधीच ऐकलं नव्हतं. मामीजींनीही नाही, आज विचारलं त्यांना.

नाही म्हणायच्या आधी एवढं वाचा. श्वास घेऊ नका असं तुमचं शरीर तुम्हाला सांगतं, ते चुकीचं सांगत नाही. त्या खोलीत नियम मोडला तो आम्ही. तुम्हाला धोक्याच्या पाटीतून एकट्याला आत नेलं, गॅस सोडते म्हणून सांगितलं आणि बाहेर जोडीदार उभा केला नाही. हात कोणी वर केलेच नाहीत. मग तुम्ही श्वास का घ्यायचा? नत्थूकाकांनाही कोणी हात वर करून दाखवले नव्हते.

तर या वेळी तुमच्या नियमाने करू. तपासणीच्या खोलीला एक जाड काच असते, त्यापलीकडे टेक्निशियन बसते. किरण मोजायचं यंत्रही तिथेच असतं. मी त्या मुलीशी फोनवर बोलले. मामीजींना ती काचेपाशी उभं करेल आणि यंत्राचा काटा आधी मामीजींना दाखवेल. काटा ठीक दिसला की मामीजी हात वर करतील. ती मुलगी तुम्हाला काहीच सांगणार नाही, गॅस हा शब्दसुद्धा तोंडातून काढणार नाही. तुम्ही फक्त जोडीदाराकडे पाहायचं. हात खाली असतील तर बिनधास्त श्वास कोंडून बसा, कोणी काही म्हणणार नाही.

घरी याचीच सवय करा. गंज मामीजींनी धरायचा नाही, तुम्ही स्वतः धरायचा. मामीजींनी अंगणात उभं राहून हात वर करायचे. शेजारचे हसतील, हसू द्या.

मला सुट्टी मिळत नाही, नाहीतर मीच आले असते. पण जोडीदार बदलायचा नसतो ना, आणि तुमची जोडीदार तर ठरलेलीच आहे.

मला तुम्ही हवे आहात, मामाजी. मशीनच्या कोपऱ्यात नाही, दारात उभे असलेले.

समीक्षा


कोहका
१४ डिसेंबर २०२३

चि. समीक्षा हिला तिच्या मामाचा, आणि या वेळी फक्त मामाचा, आशीर्वाद. मामी मंदिरात नारळ फोडायला गेली आहे.

आधी रोज अंगणात तालीम. मी ओसरीवर गंज तोंडाला लावून, आणि ती तुळशीपाशी हात वर करून. चंदाच्या घरच्यांना वाटलं आम्ही भांडून राहिलो आणि मी मामीला शिक्षा दिली. पहिले दिवस काही जमलं नाही. मग एकदा हात वर झाले आणि माझ्या छातीत हवा आपोआप शिरली. मला कळलंसुद्धा नाही, मामी ओरडली तेव्हा कळलं.

नागपूरला त्याच खोलीत बसलो, तोच मास्क. समोर काचेत मामी. तिने नवं लुगडं नेसलं होतं, कशासाठी ते देव जाणे. त्या मुलीने तिला यंत्र दाखवलं. मामीने ते पदराने पुसलं, डोळ्यांपाशी नेलं, पुन्हा लांब धरलं. मी तीस वर्षं ज्या जोडीदारांबरोबर काम केलं त्यांपैकी एकानेही यंत्र इतकं निरखून पाहिलं नव्हतं. मला वाटलं ही आता नाहीच म्हणते. आणि मग तिने दोन्ही हात वर केले. सगळ्या बांगड्या घसरून कोपरापर्यंत गेल्या.

मी श्वास घेतला, समीक्षा. पार बेंबीपर्यंत घेतला. डोळ्यांतून पाणी आलं, ते मास्कच्या कडेने आत गेलं. मला नत्थूचं तोंड दिसलं आणि तरी मी श्वास घेतला.

पुढची सगळी मिनिटं मी मामीकडे पाहत होतो. तिने हात खाली घेतलेच नाहीत. ती मुलगी सांगत होती, आता हात खाली घेतले तरी चालेल. मामी म्हणाली, "तुमचं तुम्ही पाहा बाई. ते मह्याकडे पाहून राहिले." शेवटी हात इतके दुखले की गाडीत पाण्याची बाटलीही तिला उचलता येईना, मीच पाजलं.

संध्याकाळी डॉक्टरांनी आम्हाला पडद्यासमोर बसवलं. उजवं फुप्फुस वरपासून खालपर्यंत उजळलं होतं, आणि साधी हवा दिल्यावर गॅस तिथून भराभर निघून गेला. डाव्याचा खालचा भाग दबलेला आहे, तरी तोही हळूहळू गॅस घेतो आणि सोडतो. डाव्यात वर तेवढा काळा डाग, तो आपला फुकट्या पाहुणा. डॉक्टर मामीला म्हणाले, "काकू, यांच्याकडे फुप्फुस आहे. आपण ऑपरेशन करू." मामीला फुप्फुस आहे म्हणजे काय ते कळलं नाही, तिने मला विचारलं, "पयले नव्हतं का?"

जानेवारीतली तारीख दिली आहे. धोका आहे, ते डॉक्टरांनी लपवलं नाही. मला भीती वाटते, तेही मी तुझ्यापासून लपवत नाही. पण ही भीती वेगळी आहे. पोरीची पाठवणी करताना बापाला वाटते तशी. तिच्यात पुढचं काहीतरी असतं.

तुझा मामा,
गुलाबराव


कोहका
९ फेब्रुवारी २०२४

चि. समीक्षाला मामीचा आशीर्वाद.

ऑपरेशनचं, टाक्यांचं, नळ्यांचं सगळं तुला फोनवर सांगितलं आहे. तुझी आई येऊन गेली, तिनेही सांगितलं असेल. घरचं मशीन परवा माणूस येऊन घेऊन गेला. ते परत लिहीत नाही. पण एक गोष्ट मला फोनवर बोलता येत नाही. म्हणून लिहिते.

यांना दम लागायला लागला तेव्हापासून यांच्या श्वासाची शिट्टी घरभर ऐकू यायची. मी भांडी घासत असले तरी कान तिकडे. शिट्टी अंगणातून आली की हे अंगणात, मोरीतून आली की मोरीत. रात्रंदिवस तेच. मी वैतागायचे, पण त्या आवाजाच्या भरवशावर माझी कामं चालायची.

काल दुपारी हे जेवून आतल्या खोलीत पडले. मी वांगी फोडणीला टाकली आणि एकदम लक्षात आलं की घरात काहीच ऐकू येत नाही. शिट्टी नाही, खोकला नाही. मी कान देऊन उभी राहिले. काहीच नाही.

हाक मारायची हिंमत झाली नाही, कारण उत्तर आलं नाही तर काय करायचं? भिंत धरून आत गेले. हे उताणे झोपलेले, तोंड मिटलेलं. मी तोंडात पदर धरला आणि हात यांच्या नाकापाशी नेला.

हाताला श्वास लागला. ऊन. मग पुन्हा लागला. आवाज नाही, ओढ नाही, लेकरू झोपतं तसे झोपले होते. पोरी, लग्न होऊन इतकी वर्षं झाली, मला इतका आनंद कधी झाला नव्हता. मी तिथेच जमिनीवर बसले. हात तसाच ठेवला. एक श्वास आला की वाटायचं, अजून एक पाहू आणि मग उठू.

वांगी करपली. वासाने यांना जाग आली. डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "कावून रडून राहिली वं?"

मी म्हणाले, "वांगे करपले."

"मंग त्यात रडाचं काय," म्हणाले, आणि कुशीवर वळून परत झोपले.

तुझी मामी,
मैनाबाई